‘आणि इतर’



ह्या व्यासपीठावरून आजवर मोठमोठे प्राध्यापक, संपादक आणि कायदेपंडित बोलून गेले. आम्ही त्या पंगतीतले नव्हे. आमचे शाळेतले शिक्षण आठवीला संपले. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या फाटकावर आणि ह्या गावच्या वाचनालयाच्या बाकावर. चालकांची अपेक्षा अशी होती की आम्ही कामगार कायद्यांवर बोलावे. आम्ही विषय कळवला, टोकियोवरील बॉम्बहल्ला आणि त्याचे स्मरण. तेव्हा चिटणिसांनी मुद्दाम घरी येऊन विचारले, “तुमचा आणि टोकियोचा संबंध काय?” प्रश्न रास्त होता. आम्ही टोकियो पाहिलेले नाही, आम्हाला जपानी येत नाही. शब्दकोश शेजारी ठेवून इंग्रजी पुस्तकांतून जे कळले तेवढीच आमची शिदोरी. पण संबंध आहे, आणि तो आज आपल्यापुढे कबूल करावा म्हणूनच आम्ही आलो आहोत.

प्रथम हकीकत सांगतो.

हिरोशिमाचे नाव येथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण त्याच्या पाच महिने आधी, ९ मार्च १९४५ च्या रात्री, टोकियोत काय झाले हे विचारले तर शिकलेली माणसेही गप्प होतात. त्या रात्री मारियाना बेटांवरून अमेरिकेची सुमारे तीनशे बी-२९ विमाने निघाली. त्यांचा सेनापती होता कर्टिस लमे. आधीचे हल्ले तीस हजार फुटांच्या आसपासच्या उंचीवरून कारखाने हेरून होत. वारा आणि ढग यांमुळे नेम लागत नसे. लमेने पद्धत बदलली. विमाने रात्री न्यायची, पाच ते नऊ हजार फुटांइतकी खाली आणायची, आणि कारखान्याऐवजी वस्तीच पेटवायची. त्यासाठी खास आगलावे बॉम्ब तयार होते. चिकट पेट्रोलासारखा नापाम नावाचा पदार्थ त्यांत भरलेला असे. तो जेथे पडेल तेथे चिकटून जळतो. हे बॉम्ब लाकडी घरांवर कसे चालतात हे पाहण्यासाठी अमेरिकेत, यूटा प्रांताच्या वाळवंटात, १९४३ सालीच जपानी पद्धतीची घरे बांधून, आत चटया अंथरून, ती जाळून पाहिली होती. म्हणजे त्या रात्री घरे जळली ती चुकून जळली असे कोणी म्हणू नये.

वस्ती कोणती निवडली? होंजो, फुकागावा, आसाकुसा. सुमिदा नदीच्या दोन्ही अंगांचा हा सखल भाग. आपल्याकडे गिरणगाव होते तसा तो कष्टकऱ्यांचा मुलूख. लाकडी घरे एकमेकांना खेटून, गल्ल्या अरुंद, आणि घराघरांत छोटी यंत्रे. बाप, आई आणि पोरे मिळून मोठ्या कारखान्यांचे सुटे भाग करीत. अमेरिकेने म्हटले, घरातच कारखाना आहे, तेव्हा घर हेच लक्ष्य. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. हा युक्तिवाद वाचताना अंगावर काटा येतो. मजूर ज्या खोलीत राबतो त्याच खोलीत त्याचे मूल निजते, हा त्याच्या गरिबीचा भाग. तोच त्याचा गुन्हा ठरला.

मध्यरात्रीनंतर काही मिनिटांत पहिले बॉम्ब पडले. हल्ल्याचा भोंगा त्यानंतर वाजला. वारा सोसाट्याचा होता. अडीच तासांत सुमारे ४१ चौरस किलोमीटर शहर जळाले. माणसे मेली ती सुमारे एक लाख, आणि बेघर झाली ती दहा लाखांच्या घरात. आग विझवायला माणसांकडे बादल्या होत्या आणि भिजवलेली फडकी होती. पळाली का नाहीत? कारण त्यांच्याच सरकारचा कायदा. हवाई संरक्षणाचा जो कायदा जपानने १९३७ साली केला होता, तो १९४१ साली आणखी कडक केला. शहर सोडून जायला मनाई, आणि आग लागली तर ती विझवणे हे प्रत्येकाचे कर्तव्य. पुष्कळ माणसे बादली हातात घेऊन थांबली, आणि पळायची वेळ टळून गेली.

सुमिदा नदीवर कोतोतोई नावाचा पूल आहे. पूर्वेकडची माणसे पश्चिमेला वाचू म्हणून पुलावर आली, पश्चिमेकडची पूर्वेला वाचू म्हणून आली. दोन्ही लोंढे मध्ये भिडले, कोणाला पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. तेवढ्यात ज्वाळा पुलावरून वाहू लागल्या. ह्यापेक्षा जास्त आम्ही वर्णन करणार नाही. १९९२ साली ह्या पुलाची दुरुस्ती झाली तेव्हा काढलेले काठाचे काही दगड नदीकाठच्या बागेत जपून ठेवले आहेत.

आता ज्या एका शब्दासाठी आम्ही हा विषय घेतला, त्या शब्दाकडे येतो. दुसऱ्या दिवशी दुपारी जपानच्या लष्करी मुख्यालयाने रेडिओवरून निवेदन काढले. त्यात काय सांगितले? शहरात काही ठिकाणी आगी लागल्या. पैकी राजवाड्याच्या खात्यातील पागेची आग दोन वाजून पस्तीस मिनिटांनी आटोक्यात आली, आणि ‘इतर’ आगी आठ वाजेपर्यंत विझल्या.

मंडळी, बादशहाच्या घोड्यांच्या पागेला नाव मिळाले, तिची वेळ मिनिटानिशी मिळाली. आणि एक लाख माणसे कोठे गेली? ‘इतर’ ह्या शब्दात.

हा शब्द आम्ही प्रथम वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. कारण तो आमच्या ओळखीचा होता.

सुमारे सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. जवळच्याच एका औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात रात्रपाळीला आग लागली. कारखान्याचे नाव घेण्याचे येथे कारण नाही. सकाळी फाटकाच्या फळ्यावर कागद लागला. त्यात कायम कामगारांपैकी दगावलेल्या दोघांची नावे होती, त्यांचे तिकीट नंबर होते, आणि पुढे लिहिले होते, ‘व इतर’. इतर म्हणजे कंत्राटदाराची माणसे. मस्टरवर त्यांचे नाव नसे; मुकादमाच्या खिशातल्या चिटोऱ्यावर असे, आणि ते चिटोरे आता मुकादमालाही सापडेना. आम्ही दोघेतिघे वही घेऊन मजुरांच्या खोल्यांवर हिंडलो. कोणी सांगितले, दोघे होते. कोणी सांगितले, चौघे. तीन दिवसांनी नक्की झाले की तिघे होते. एकाला सगळे नुसत्या टोपणनावाने ओळखत. त्याचे खरे नाव मिळायला आणखी आठ दिवस आणि एसटीचा लांबचा प्रवास लागला.

त्याच्या घरी आई होती. नुकसानभरपाईचा अर्ज कसा करायचा, अंगठे कोठे लावायचे, हे सगळे आम्ही समजावले. ती ऐकत होती की नाही कळेना. शेवटी तिने वहीकडे बोट दाखवले आणि म्हणाली, “ह्यात काय लिहिलंय ते वाचा.” आम्ही वाचले : त्याचे नाव, बापाचे नाव, गाव, तालुका, वय एकोणीस. ती म्हणाली, “दादा, परत एकदा वाचा.” आम्ही परत वाचले.

येताना एसटीत आमच्या मनात कारखान्याच्या मालकाविषयी संताप होता, हे उघडच आहे. पण ऑफिसात येऊन आम्ही आमच्या युनियनची नोंदवही उघडली. तीत मेलेल्या दोन कायम कामगारांची नावे होती. ह्या तिघांची नव्हती. कंत्राटी कामगारांना सभासद करून घ्यावे की नाही, ह्यावर आमच्या कमिटीत दोन वर्षे नुसता खल चालला होता, आणि ठराव पुढे ढकलण्याच्या बाजूने हात वर करणाऱ्यांत आम्हीही होतो. म्हणजे मालकाने फळ्यावर त्यांना ‘इतर’ लिहिले त्याच्या आधीपासून ते आमच्या वहीत ‘इतर’ होते. हा आमचा टोकियोशी संबंध. चिटणिसांना त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असेल.

परत टोकियोकडे येऊ. एवढ्या प्रेतांचे केले काय? दहन करायला वेळ नव्हता. उद्यानांतून, उएनोत, किन्शी उद्यानात, मोठे चर खणून ती पुरली. युद्ध संपल्यावर ती उकरून दहन केले आणि अस्थी योकोआमिचो नावाच्या बागेतल्या एका सभागृहात ठेवल्या. ते सभागृह मुळात दुसऱ्याच संकटासाठी बांधलेले. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात त्याच मोकळ्या जागेवर आसऱ्याला आलेली सुमारे ३८,००० माणसे आगीने वेढून मेली. त्यांच्यासाठी १९३० साली ते उभे राहिले. त्याच घरात १९५१ पर्यंत बॉम्बहल्ल्यातल्या लाखभर मृतांच्या अस्थीही आणून ठेवल्या. नवे घर कोणी बांधले नाही. भूकंप हा निसर्गाचा कोप. बॉम्ब माणूस टाकतो. दोन्ही एकाच छपराखाली ठेवले की पाहणाऱ्याला वाटते, ही दोन्ही दैवाचीच करणी. कोणी टाकले, कोणी पळू दिले नाही, हा प्रश्न मग विचारायचा राहून जातो.

आणि विचारायची सोय तरी कोठे होती? १९५२ पर्यंत देश अमेरिकी सैन्याच्या ताब्यात; छापण्यावर निर्बंध. त्या रात्रीची छायाचित्रे म्हणण्यासारखी फार थोडी आहेत, आणि त्यांतली महत्त्वाची पोलीस खात्यातल्या कोयो इशिकावा ह्या छायाचित्रकाराने काढली. ताबा घेणाऱ्या सैन्याने ती मागितली तेव्हा त्याने मूळ काचा-फिल्मी अंगणात पुरून ठेवल्या. त्या माणसाने खड्डा खणला नसता, तर आज दाखवायला फारसे काही उरले नसते.

पुढे काय झाले ऐका. १९५२ सालापासून जपानने सैनिकांना आणि त्यांच्या वारसांना मदत, निवृत्तिवेतन सुरू केले. नागरिकांना त्यातले काही नाही. हात गमावलेली बाई, आईबाप गमावलेले पोर, ही माणसे सरकारी नोकरीत नव्हती, म्हणून त्यांचे नुकसान त्यांनीच सोसायचे. आमच्या ऐकणाऱ्या कामगार बंधूंना ह्यात नवल वाटणार नाही. कंत्राटी माणसाला हेच सांगतात. आणि १९६४ साली जपान सरकारने एका परकीय सेनापतीला मोठे सन्मानपदक दिले, नव्या जपानी हवाई दलाच्या उभारणीला मदत केली म्हणून. त्या सेनापतीचे नाव कर्टिस लमे.

मग ‘इतर’ मधली माणसे बाहेर काढली कोणी? हे सांगताना आमचा ऊर भरून येतो. कारण पुढाकार घेणारा माणूस आमच्याच जातीचा, म्हणजे कारखान्यातला निघाला. कात्सुमोतो साओतोमे त्याचे नाव. जन्म १९३२. हल्ल्याच्या रात्री तो बारा वर्षांचा, त्याच वस्तीतला. उच्च शिक्षण नाही; पोरवयापासून कारखान्यात काम, आणि काम करता करता लिहिणे. १९७० साली त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी हल्ल्याची नोंद करणारी एक मंडळी स्थापन केली. तेव्हाचे टोकियोचे गव्हर्नर मिनोबे ह्यांनी साहाय्य केले. वाचलेल्या माणसांना त्यांनी सांगितले, तुम्ही जे पाहिले ते लिहा. शिंपी, सुतार, घरकाम करणाऱ्या बाया, ज्यांनी आयुष्यात पत्राखेरीज काही लिहिले नव्हते अशा माणसांनी लिहिले. त्यांचे पाच जाडजूड खंड १९७३-७४ मध्ये निघाले. पंचवीस वर्षे घरात बसलेली गोष्ट अशी बाहेर आली.

ह्यातून काही सरळ यश मिळाले असे मात्र नाही. टोकियोच्या सरकारने शांतता संग्रहालय काढायचे ठरवले. १९९० च्या दशकात तीनशेहून अधिक वृद्धांच्या साक्षी चित्रफितींवर घेतल्या. मग विधिमंडळात वाद पेटला. संग्रहालयात जपानने दुसऱ्यांवर केलेले अत्याचार दाखवायचे की नाही? १९९९ मध्ये योजना गोठवली. त्या चित्रफिती कोठारात पडल्या, आणि त्यांतल्या काही लोकांपुढे यायला २०२४ साल उजाडले. बोलणाऱ्यांतले कितीतरी तोवर निघून गेले होते.

साओतोमे सरकारची वाट पाहत बसला नाही. एका व्यक्तीने जागा दिली, चार हजारांहून अधिक लोकांनी वर्गणी दिली, आणि २००२ च्या मार्चमध्ये, जेथे सर्वांत जास्त जळाले त्याच भागात, एक छोटे संग्रहालय उभे राहिले. लोकवर्गणी म्हणजे काय ते आपल्या गावाला सांगायला नको. आपले वाचनालय त्याच मार्गाने उभे राहिले. साओतोमे २०२२ साली वारला. संग्रहालय चालू आहे. सरकारनेही २००१ साली योकोआमिचोच्या बागेत फुलांनी झाकलेले एक स्मारक केले, आणि त्याच्या आत मृतांच्या नावांच्या वह्या ठेवल्या. नातलग नाव कळवतात, ते त्यात चढते. आजवर ८०,००० हून अधिक नावे चढली आहेत. युद्ध संपून इतकी वर्षे लोटली, तरी ती वही बंद झालेली नाही.

२००७ मध्ये हल्ल्यातून वाचलेले शंभरावर वृद्ध टोकियोच्या न्यायालयात गेले. म्हणाले, सैनिकाच्या वारसाला जे दिलेत ते आम्हाला का नाही? २००९ मध्ये दावा फेटाळला, २०१२ मध्ये अपील फेटाळले, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हरले. ह्याच न्यायालयाच्या दारात आणखी काही म्हातारी माणसे उभी होती, आणि ती चीनमधून आली होती.

ती चुंगकिंगची माणसे. आज त्या शहराला चोंगचिंग म्हणतात. ते युद्धकाळात चीनची राजधानी होते, आणि १९३८ पासून १९४३ पर्यंत जपानी विमाने त्याच्यावर बॉम्ब टाकीत होती. ३ आणि ४ मे १९३९ ह्या दोन दिवसांत तेथे हजारो माणसे मेली. ५ जून १९४१ ला हल्ल्याच्या वेळी एका भुयारात आसरा घेतलेली शेकडो माणसे गुदमरून, चेंगरून मेली. ह्या शहराशी आपलेही नाते आहे. चीनच्या मदतीला काँग्रेसने पाठवलेले पाच डॉक्टरांचे पथक १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून निघाले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते. ती मंडळी येनानला जाण्यापूर्वी, १९३८ च्या अखेरीस, ह्याच चुंगकिंगमध्ये होती. मे महिन्यातल्या त्या भयंकर हल्ल्यांपूर्वी काही महिनेच.

चुंगकिंगच्या माणसांनी २००६ मध्ये दावा लावला, तो २०१५ मध्ये फेटाळला गेला. म्हणजे टोकियोचे जळलेले आणि टोकियोने जाळलेले, दोघेही एकाच न्यायालयात हरले.

आम्ही हे का सांगतो? काही जण म्हणतात, जपानने आधी चीनवर बॉम्ब टाकले, तेव्हा टोकियोला रडायचा अधिकार नाही. दुसरे म्हणतात, आपल्या मेलेल्यांपुढे चुंगकिंगचे नाव काढू नका, त्याने आपले दुःख उणे होते. दोन्ही मते आम्हाला पटत नाहीत. होंजोच्या सुताराने चुंगकिंगवर बॉम्ब टाकला नव्हता. पण त्याच्या घरात घडवलेला सुटा भाग कदाचित त्या विमानात बसला असेल. त्याला हे माहीत नसेल. आपण जे वाचलो, आपल्याला ते माहीत असले पाहिजे. स्वतःच्या वहीत कोणाचे नाव घ्यायचे राहिले, हे न पाहता दुसऱ्याच्या फळ्यावरचे ‘इतर’ दाखवणे सोपे असते. आम्ही ते करून चुकलो आहोत.

शेवटी आपल्या दाराशी येतो. १४ एप्रिल १९४४ ला दुपारी चारच्या सुमारास मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन हे दारूगोळ्याने भरलेले जहाज फुटले. तो बॉम्बहल्ला नव्हता. पण शहराला पहिल्यांदा वाटले ते हेच, की जपानी आले. युद्ध होते म्हणूनच कापसाच्या गासड्या आणि स्फोटके एका जहाजात होती, आणि युद्ध होते म्हणूनच बातमीवर निर्बंध आले. आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. त्यांची आठवण म्हणून आजही देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. तो मान त्यांचा आहे, त्यात शंका नाही. पण त्यांच्याखेरीज गोदीत आणि आसपासच्या वस्तीत जी शेकडो माणसे गेली, त्यांचा नेमका आकडादेखील आज एकमुखाने सांगता येत नाही. गोदीतला हमाल रोजावर असे. सकाळी टोळीत उभा राहिला तर कामावर, नाही तर नाही. कोकणातल्या, घाटावरच्या कितीतरी घरांत ‘आमचा एक माणूस गोदीत गेला’ एवढेच वाक्य उरले आहे, आणि ते म्हणणारेही आता थोडेच राहिले आहेत.

आम्ही आपल्याकडे दगडी स्मारक मागत नाही. आमच्या युनियनने त्या आगीनंतर एक केले. सभासदांच्या वहीशेजारी दुसरी वही ठेवली. ह्या वसाहतीत कामावर जो मरेल, कायम असो की कंत्राटी, आमचा असो की दुसऱ्या झेंड्याचा, त्याचे पूर्ण नाव, गाव आणि वय तीत लिहायचे. कंत्राटी कामगारांना सभासद करण्याचा ठरावही मग झाला. तीन माणसे मेल्यावर झाला, हे आम्ही लपवत नाही. वर्षातून एकदा, वार्षिक सभेत, अहवालाच्या आधी, ती नावे वाचतो. पहिल्या वर्षी दहा मिनिटे लागली नाहीत. आता त्याहून जास्त वेळ लागतो, आणि काही जण कुरकुरतात. कुरकुरू देत.

तशी एक वही ह्या वाचनालयानेही ठेवावी, एवढीच आमची चालकांना विनंती आहे. ज्याच्या घरात गोदीच्या स्फोटातले, गिरणीतले, धरणावरचे असे कोणी ‘इतर’ असेल, त्याने येऊन ते नाव लिहावे. वही आम्ही आमच्या पैशाने आणून टेबलावर ठेवली आहे. तिच्या पहिल्या पानावर त्या एकोणीस वर्षांच्या मुलाचे नाव आहे. त्याच्या आईला विचारून लिहिले आहे.